डोंगरावरची पिवळी गाडी

६ मार्च

गाडीवाल्या विहीणबाईंना,

सप्रेम नमस्कार. घरी सुखरूप पोचले. आधी आभार मानते आणि मग भांडते, म्हणजे भांडणाच्या नादात आभार राहून जायला नकोत.

आपल्या मुलांच्या लग्नाला तीन वर्षं झाली आणि मी तुमच्या गावी पहिल्यांदाच आले. तुम्ही मला तुमच्या त्या पिवळ्या गाडीत पुढे, स्वतःच्या शेजारी बसवलंत आणि पैसे भरलेल्या पर्यटकांना मागे. धरण दाखवलंत, काचेचा कारखाना दाखवलात, जुन्या खाणीत साचलेलं ते हिरवंगार तळं दाखवलंत. कारखान्यात तो माणूस नळीत फुंकर मारून बाटली फुगवत होता तेव्हा मी तुमचा हात घट्ट धरून ठेवला होता. तुम्ही तो सोडवून घेतला नाहीत. जन्मभर मी शिलाईच्या दुकानात मान खाली घालून टाके घातले, लांबवर बघायची डोळ्यांना सवयच राहिली नव्हती. ती तुम्ही लावलीत. मनापासून आभार.

आता भांडण. धबधबा म्हणून तुम्ही मला जो दाखवलात, तो ओला दगड होता. त्यासाठी मी गुडघा सुजवून घेतला.

दुसरं भांडण मोठं आहे. मी आले होते सूनबाईची शर्यत बघायला. शुक्रवारी तिचा सराव, तर तुम्ही मला धरणावर नेलंत. शनिवारी पुन्हा सराव, तर कारखाना आणि ओला दगड. रविवारी मी हट्टानं ट्रॅकवर गेले, तर तुम्ही गिऱ्हाइकं घेऊन डोंगर गाठलात! पोटची पोर गाडी पळवतेय आणि आई डोंगरावर. रात्री आपण चौघं जेवायला बसलो, पण तुमच्या घरात शर्यतीचं नाव म्हणून कुणी काढेना. मी काढणार होते, सूनबाईनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

फोनवर विचारायची सोय नाही. शर्यत म्हटलं की तुमच्याकडे लगेच गिऱ्हाईक येतं आणि तुम्ही फोन ठेवता. म्हणून हे पत्र. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही.

सूनबाई सातवी आली. आमचे चिरंजीव पूर्ण वेळ डोळे मिटून बिस्किटं खात होते. दोन पुडे संपवले. मी मात्र उभी राहून ओरडत होते, आणि माझा आवाज दुकानातल्या चार मशिनींवरून ऐकू जाणारा आहे हे तुम्हाला माहीत नसेल. तुम्ही का आला नाहीत?

उत्तराची वाट बघणारी,
तुमची विहीण


२० मार्च

शिलाईवाल्या विहीणबाईंना,

सप्रेम नमस्कार. धबधबा उन्हाळ्याच्या तोंडावर ओला असतो हेच विशेष समजा. आणखी महिनाभरानं आला असता तर कोरडा दगड दाखवला असता आणि पैसे तेवढेच घेतले असते.

तुम्ही शेजारी बसलात म्हणून मलाही बरं वाटलं. एरवी मी एकटीच बोलत असते. डावीकडे धरण, उजवीकडे खाण, पाण्यात हात घालू नका. तुम्ही मध्येच विचारलंत, "आणि तुम्हाला स्वतःला यातलं काय आवडतं?" हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी तेव्हा हसण्यावारी नेलं. आता सांगते, डोंगरावरची शेवटची वळणाची जागा. तुम्हाला नेलं नाही, कारण रस्ता वाईट आहे.

रविवारी त्याच जागी माझी फजिती झाली. गाडीची बॅटरी उतरली आणि सहा पर्यटकांनी उतारापर्यंत गाडी ढकलली. एका आजोबांना त्याचा इतका आनंद झाला की जाताना म्हणाले, सहलीतला हाच भाग उत्तम. म्हातारी झाली आता गाडी, दुसरं काय.

रविवार म्हणजे आमच्या धंद्याचा दिवस, यायला जमत नाही. पण तुम्ही शर्यतीबद्दल लिहिलंत ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. पुढच्या वेळीही लिहाल का? भिंगरी काय काय करते, कशी दिसते, सगळं लिहा. ती मला फक्त नंबर सांगते. (लहानपणी एका जागी उभी राहायची नाही म्हणून भिंगरी. तुमच्यासाठी सूनबाई.)

चिरंजीवांसाठी बिस्किटं वेगळी पाठवते आहे.

तुमची विहीण


९ मे

गाडीवाल्या विहीणबाईंना,

कालच परतलो. तुमची भेट रात्रीच्या जेवणापुरती झाली, पण तुम्ही माझ्यासाठी मऊ उशी देऊन खुर्ची राखून ठेवली होतीत, ते माझ्या गुडघ्यानं लक्षात ठेवलं आहे.

तर शर्यत. तिसरी आली हे तुम्हाला कळलंच. बाकीचं सांगते. सूनबाई हातमोजे घालताना आधी डावा घालते आणि मग कुणाशीही बोलत नाही. हेल्मेट चढवलं की ती माझी सूनच राहत नाही. घरी मला बाजारात नेते तेव्हा इतकी हळू चालवते की पायी चालणारे पुढे जातात, आणि तिथे! लाल गाडी अशी जाते की मी "अगं सांभाळ" म्हणेपर्यंत ती पुढच्या वळणावर असते. मग मी उरलेलं वाक्य पुढच्या फेरीला पूर्ण करते.

या खेपेला मी जागा बदलली. प्रेक्षकांच्या मोठ्या स्टँडवर ऊन फार, म्हणून ट्रॅकच्या पार टोकाला, लांबच्या वळणापाशी जाऊन बसले. तिथे सावली असते आणि माणूस नसतं. शर्यत संपल्यावर सगळ्या गाड्या एक फेरी सावकाश मारतात ना, तेव्हा एक गंमत पाहिली. सूनबाईची गाडी वळणावर आली आणि तिनं हात वर केला. माझ्याकडे नव्हे, मी तिथे आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. झेंडेवाल्यांनाही नाही, ते दुसऱ्या अंगाला होते. समोर नुसता उघडा डोंगर. चिरंजीवांना विचारलं तर म्हणाले, दमली असेल, हात मोकळा करत असेल. त्यांचं काय, ते डोळे मिटून होते.

आता मुद्द्याचं. तुम्हाला तिनं सांगितलं नसेल, तर माझ्याकडून ऐका आणि मला फटकळ म्हणा. सप्टेंबरची शर्यत तिची शेवटची. खांदा आता साथ देत नाही म्हणते. पुढे ती शिकवणार आहे, नव्या मुलामुलींना. तेवढ्या एका शर्यतीला तरी या हो. मी तिला विचारलं, आईला बोलावलंस का, तर म्हणाली, "आईला गिऱ्हाइकं असतात." आणि घातलेला मोजा काढून पुन्हा घातला.

कधी कधी मला वाटतं, स्टँडवर तुमच्या जागी मी जाऊन बसते म्हणून तुम्ही येत नाही. तसं असेल तर स्पष्ट सांगा. मी घरी बसून टाके घालीन. जागा आईचीच.

तुमची विहीण


१४ मे

विहीणबाई,

घाईत लिहिते. तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, उलट आहे ते फक्त देणं आहे, ते नंतर सांगते.

तो हात. परत लिहा. कोणता हात, किती वर, किती वेळ? डोंगराकडेच केला हे नक्की? मागच्या शर्यतींनाही करते का? तिला विचारा, पण मी विचारलंय म्हणून सांगू नका.

तुमची विहीण


१९ मे

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचून मीच घाबरले. हात वर करणं वाईट असतं का? आमच्या दुकानात शिलाई चुकली की मुली हात वर करतात, एवढंच मला माहीत.

विचारलं. मटार सोलताना सहज विषय काढला. उजवा हात, कोपरापासून पुरता बाहेर, पंजा उघडा. वळण संपेपर्यंत खाली घेतला नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मागच्या शर्यतींनाही करत होती का? तर हो, म्हणे पहिल्यापासून. मी म्हटलं, अगं पण तिकडे आहे कोण? हसली आणि म्हणाली, "तिकडे माझं माणूस असतं." मी पुढे खोदलं, तर मटारांची टोपली उचलून आत गेली. चिरंजीवांना ऐकवलं नाही, उगाच त्यांच्या डोक्यात काहीबाही यायचं.

आता तुम्ही सांगा. कोण आहे डोंगरावर?

तुमची विहीण


२ जून

विहीणबाई,

डोंगरावर मी असते.

एवढं लिहून मी दोन दिवस थांबले होते. आता सगळं लिहिते.

भिंगरीच्या पहिल्या शर्यतीला मी स्टँडवर अगदी पुढे बसले होते. दुसऱ्याच फेरीत तिची गाडी माझ्या समोर उलटली. ती बाहेर आली, हेल्मेट काढलं आणि हसली. मी मात्र आडवी. रुग्णवाहिका निघाली होती तिच्यासाठी, परत गेली मला घेऊन. गावात अजून हा विनोद सांगतात, मीही सांगते. पण त्यानंतरची गोष्ट विनोदाची नाही. पुढच्या शर्यतीला मी पुन्हा गेले, तर दर फेरीला ती मान वळवून स्टँडमध्ये मला शोधत होती. मी ठीक आहे ना, पडले तर नाही ना, हे बघायला. अशीच मान वळवताना भिंतीला घासली. थोडक्यात वाचली.

त्या दिवशी मला कळलं, की मी समोर असले तर ती रस्ता बघत नाही. तिसऱ्या वेळी म्हणाली, "आई, ये ना." मी म्हटलं, "गिऱ्हाइकं आहेत गं." तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. खरं कारण सांगितलं असतं तर तिनं रेसिंग सोडलं असतं, अशी आहे ती.

पण घरी तरी कशी बसू? ट्रॅकच्या टोकासमोर दरीपलीकडे तो डोंगर आहे. शर्यतीच्या दिवशी मी पर्यटकांना तिथे नेते. त्यांना धरणाचा देखावा दाखवते आणि मी खाली बघत बसते. माझ्या डोळ्यांना तिथून माणूस दिसत नाही, फक्त लाल रंग फिरताना दिसतो. तो रंग शेवटपर्यंत फिरला की मी जेवते.

आणि गाडीचे दिवे चालू ठेवते. ती शाळकरी वयात सरावावरून उशिरा यायची, तेव्हा मी दाराबाहेरचा दिवा चालू ठेवायचे. ती आली की स्वतः बंद करायची, तो खटका ऐकला की मला झोप लागायची. त्याच सवयीनं दिवे लावते, दुसरा काही अर्थ नाही. म्हणून तर बॅटरी उतरते. गॅरेजवाला मला दरवेळी झापतो, भर दुपारी दिवे लावून काय शोधता म्हणून.

इतकी वर्षं मला एकच गोष्ट टोचत होती. भिंगरीला वाटत असणार, आईला आपल्यापेक्षा गिऱ्हाइकं मोठी. आता तिची शेवटची शर्यत येणार, आणि ती हे मनात घेऊनच पुढे जाणार. तुमचं पत्र आलं नसतं तर मी हेच धरून बसले असते. तिला माहीत होतं हो. पहिल्यापासून. दिवे बघून ओळखलं असणार, त्या गाडीतच तर वाढली.

तुम्ही जागा बदललीत, ऊन लागलं म्हणून. त्या उन्हाचे आभार मानू का तुमच्या गुडघ्याचे, मला समजत नाही. माझी जागा घेतली म्हणता? तुम्ही माझे डोळे झालात. आज मी शेगडीपाशी रडले आणि पर्यटकांना सांगितलं, कांदा आहे. करत होते मात्र चहा.

आता शेवटचं. सप्टेंबरमध्ये मला एकदाच तिला जवळून बघायचं आहे. पण मी स्टँडवर आले तर डोंगरावर दिवे नसतील, आणि भर शर्यतीत ती दिवे शोधत मान वळवेल. म्हणून येणं नाही. तुम्हीच बघा आणि लिहा.

तुमची विहीण


११ जून

विहीणबाई,

पत्र वाचून मी दुकानाचं दार लावून घेतलं आणि यथेच्छ रडून घेतलं. कांद्याचं नावसुद्धा सांगितलं नाही.

मग डोळे पुसले आणि विचार केला, यात अवघड काय आहे? तिला दिवे दिसायला हवेत. दिवे कुणी लावले हे तिला तिथून कुठे दिसतंय? मला गाडीतलं सगळं दाखवा, कोणतं बटण कुठे. मी बसते डोंगरावर. तुम्ही माझ्या जागी स्टँडवर बसा.

नाही म्हणू नका. मी म्हणजे काय शर्यत पाहिलीच नाही असं नाही. आणि तुम्ही मला ती जागा दाखवायची राहिली आहे, रस्ता वाईट म्हणून टाळलीत. माझी सहल पूर्ण करा.

माझी गादी शिवून ठेवते आहे स्टँडसाठी, आत दोन थर कापूस. चक्कर आलीच तर मऊ पडाल. चिरंजीव शेजारी असतील, त्यांच्याकडून बिस्किटं घ्या. डोळे मात्र त्यांच्यासारखे मिटू नका.

तुमची विहीण


२८ ऑगस्ट

विहीणबाई,

तुम्ही ऐकणार नाही हे मी तीन पत्रांत ओळखलं, म्हणून मुकाट्यानं तयारी केली आहे. गॅरेजवाला सकाळी तुम्हाला वर सोडेल, दुपारी घ्यायला येईल. गाडीचं तोंड दरीकडे. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूचा दांडा पुढे फिरवला की दिवे. बाकी कशालाही हात लावू नका, विशेषतः हँडब्रेकला. शर्यत संपून सावकाश फेरी झाली की दिवे बंद करा, नाहीतर बॅटरी जाईल आणि गॅरेजवाला मला झापेल.

जुलैच्या शर्यतीला मी डोंगरावरून हात वर केला. काही दिसलं नाही, पण तिनंही केला असणार. एक पर्यटक म्हणाला, बाई, कुणाला बोलावताय? मी म्हटलं, कुणाला नाही, निरोप घेतेय.

थर्मास, शाल आणि तुमच्या गुडघ्यासाठी उंच स्टूल गाडीत ठेवलं आहे.

तुमची विहीण


२० सप्टेंबर, डोंगरावर

विहीणबाई,

तुमच्याच गाडीत बसून, तुमच्याच भाड्याच्या पावत्यांच्या मागे लिहिते आहे, कारण नुसतं बसून मला जमत नाही.

दिवे लावले आहेत. उतरून पुढे जाऊन दोनदा बघितलं.

जागा फार सुंदर आहे. धरण एका बाजूला, खाणीचं तळं दुसऱ्या, आणि मध्ये तो ट्रॅक, जमिनीवर सोडलेल्या नाडीसारखा. पण विहीणबाई, इथून काहीच दिसत नाही हो! लाल ठिपका येतो, जातो, झाडीमागे गेला की जीव टांगणीला लागतो, आणि पुन्हा येईपर्यंत तसाच राहतो. खाली स्टँडवर मी ओरडायचे, टाळ्या वाजवायचे, वेळ कसा जायचा कळायचं नाही. इथे ओरडून कुणाला ऐकवणार? तुम्ही हे इतकी वर्षं एकटीनं केलंत, आणि वर पर्यटकांना हसून धरण दाखवलंत. मी तुम्हाला डोंगरावर पळून जाणारी आई म्हणाले होते. शब्द परत घेते.

शर्यत संपली. लाल ठिपका सावकाश येतोय. टोकाच्या वळणावर आला.

हात दिसला नाही. डोळे फाडून बघितलं तरी नाही दिसला. पण तो तुमच्यासाठी वर झाला असणार हे मला माहीत आहे, म्हणून तुमच्या वतीनं मी दोन्ही हात वर केले. मग थोडा वेळ माझ्या वतीनंही.

दिवे बंद करायचे म्हणालात. करवत नाहीत. राहू देते.


२४ सप्टेंबर

विहीणबाई,

पावत्यांमागचं तुमचं पत्र मला काल सीटवर सापडलं, तुम्ही गेल्यावर. शेवटच्या दिवशी एवढा गोंधळ झाला की धड बोलणं झालंच नाही, म्हणून लिहिते.

मी पडले नाही. गादी कडेकडेनं कुरतडली असेल, तेवढं माफ करा. तुम्ही सांगितल्याप्रमाणे डावा मोजा आधी, मग कुणाशी बोलणं नाही. मी सगळ्यांत मागे, खांबाआड बसले होते. हेल्मेट चढवताना तिनं एकदाच वर बघितलं, डोंगराकडे. तिथे दोन दिवे होते. मग तिनं पूर्ण शर्यतभर रस्त्यावरून नजर हलवली नाही. माझी मुलगी अशी चालवते, हे मला या वयात कळलं. पाचवी आली. मला पहिलीच वाटली.

जावईबापूंनी या वेळी डोळे उघडे ठेवले. माझ्याकडे बघत होते, मी पडते की काय म्हणून.

मोठ्या पडद्यावर टोकाचं वळण दाखवलं आणि मी तो हात पाहिला. तुम्ही लिहिला होतात तसाच, कोपरापासून, पंजा उघडा. जिच्यासाठी होता ती मी खाली, आणि वर तुम्ही. तेव्हा मात्र मला खांब धरावा लागला.

मग मी पिटमध्ये, शर्यतीनंतर गाड्या येऊन थांबतात तिथे, गेले. ती गाडीतून उतरत होती, पाठमोरी. वळली, आणि मला बघितलं. घामानं केस चिकटलेले, हातात हेल्मेट. मला वाटलं हसेल, रडेल, रागावेल. तिनं आधी डोंगराकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडे. म्हणाली, "आई, तू इथे? मग वर दिवे कुणी लावलेत?"

मी म्हटलं, "तुझ्या सासूबाईंनी."

ती टायरच्या ढिगावर बसली आणि ओंजळीत तोंड धरून रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिले. लोक फोटोसाठी बोलावत होते, पाचवीलाही बोलावतात. ती उठली, हेल्मेट माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, "फोटो राहू देत. चल वर, त्या एकट्या असतील."

पुढचं तुम्ही पाहिलंत. गॅरेजवाल्याच्या जीपमधून आम्ही आलो तर तुम्ही स्टुलावर, शाल गुंडाळून, आणि दिवे विझू विझू झालेले. भिंगरीनं खिडकीतून हात घालून ते बंद केले, तर तुम्ही तिच्यावर ओरडलात, "अगं, राहू दे, तुझ्या आईचे आहेत!" बॅटरी पुरती गेली होती. मग ती शर्यतीच्या कपड्यांतच गाडी ढकलायला लागली, जावईबापू शेजारी, आणि तुम्ही आत बसून दोघांना सूचना देत होतात. त्या आजोबांचं म्हणणं खरं होतं, सहलीतला हाच भाग उत्तम.

तुम्हाला वाटलं असेल, तिनं दिवे बॅटरी वाचवायला बंद केले. तसं नव्हतं. घरी आली की बाहेरचा दिवा तीच बंद करायची. तो खटका मी गाडीमागे उभी राहून ऐकला, विहीणबाई, आणि त्या रात्री गाढ झोपले.

तुमची विहीण